जाणत्याची चाकरी

हुकूमशाही कोसळली आणि हिशेबाची वेळ आली की बहुतेकांच्या तोंडी एकच सबब असते: आम्हाला कल्पना नव्हती. कारकून म्हणतो, मी फक्त शिक्के मारत होतो. सेनाधिकारी म्हणतो, मी आघाडीवर होतो, मागे काय चालले होते ते मला कोण सांगणार? कारखानदार म्हणतो, मजूर कुठून येतात हे विचारायची पद्धतच नव्हती. यात खरे किती आणि खोटे किती, हे निवडण्यात न्यायालयांची आणि इतिहासकारांची वर्षे खर्ची पडतात. लष्करी हेरखात्याच्या प्रमुखाला मात्र ही सबब सांगण्याची सोय नसते, कारण कल्पना असणे हीच त्याची नोकरी. विल्हेल्म कानारिस १९३५च्या जानेवारीपासून १९४४च्या फेब्रुवारीपर्यंत ‘आबवेर’ या जर्मन लष्करी हेरखात्याचा प्रमुख होता. युद्ध संपायला जेमतेम महिना उरला असताना एसएसने त्याला फाशी दिली. त्या मरणामुळे त्याच्याभोवती दोन दंतकथा उभ्या राहिल्या. पहिलीत तो हिटलरच्या दारात बसून हिटलरचीच मुळे कुरतडणारा सुसंस्कृत ॲडमिरल आहे; दुसरीत, म्हणजे पराभव पचवू न शकलेल्या जुन्या नाझींच्या कथेत, तो घरभेदी आहे. दोन्ही कथांना त्याचे मन जाणून घेण्याची घाई आहे. मला वाटते, मनाच्या तळाशी काय होते याचा शोध थोडा बाजूला ठेवून एक साधा हिशेब मांडावा. या माणसाने राजवटीकडे आपली पत कशाच्या बळावर कमावली आणि ती कशासाठी खर्च केली? त्या काळचे जे कागद आणि ज्या साक्षी उरल्या आहेत त्यांतून हा हिशेब बऱ्यापैकी लागतो. तो त्याच्या भक्तांना आवडणार नाही, आणि शत्रूंनाही नाही.

हिटलरपूर्वीचा कानारिस कोणत्याही साहसकथेत शोभेल असा आहे. जन्म १ जानेवारी १८८७चा, डॉर्टमुंडजवळचा. अठराव्या वर्षी आरमारात. पहिल्या महायुद्धात तो ‘ड्रेस्डेन’ या क्रूझरवर होता. डिसेंबर १९१४मध्ये फॉकलंड बेटांपाशी ब्रिटिशांनी जर्मन ताफ्याची धूळधाण केली, त्यातून निसटलेले हे एकच क्रूझर. पुढच्या मार्चमध्ये ते चिलीच्या किनाऱ्यापलीकडच्या एका बेटाजवळ खलाशांनीच बुडवले आणि सगळे चिलीत स्थानबद्ध झाले. कानारिस तिथून पळाला, आँडीज ओलांडून अर्जेंटिनात उतरला आणि रीड रोझास या नावाच्या चिलियन पासपोर्टवर, वाटेत इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात ब्रिटिशांच्या नाकाखालून, मायदेशी पोहोचला. पुढे स्पेनमध्ये हेरगिरी, मग पाणबुड्या. चरित्रकार या भागावर मनापासून रमतात. त्यानंतर १९१९ साल येते आणि लेखणी जरा अडखळते. रोझा लक्झेंबर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त या कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या खुन्यांवर जो लष्करी खटला चालला, त्यात कानारिस एक न्यायाधीश म्हणून बसला होता. दोघा आरोपींना सुमारे दोन-दोन वर्षांची किरकोळ सजा झाली, आणि त्यांपैकी लेफ्टनंट फोगेल निकालानंतर लगेच खोट्या कागदपत्रांवर हॉलंडला निसटला. त्याला पळवण्यात या न्यायाधीशाचाच हात होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे कायद्याच्या खुर्चीत बसून कायद्याला वळसा घालण्याची कला त्याला हिटलरच्या आधीपासून अवगत होती. फरक इतकाच की तेव्हा तिचा फायदा उजव्या खुन्यांना झाला.

हेरखाते त्याच्याकडे आले तेही एका भांडणामुळे. त्याच्या आधीचा प्रमुख, आरमारी कॅप्टन कोनराड पात्सिग, याचे हिमलर आणि हाइड्रिख यांच्याशी पटेना. एसएसला स्वतःचे हेरखाते वाढवायचे होते आणि पात्सिग त्यांना जागा देत नव्हता. त्याला हटवले आणि श्विनेम्युंडेच्या किनारी किल्ल्यावर निवृत्तीची वाट पाहत असलेल्या कानारिसला बोलावले. अधिकारसूत्रे देताना पात्सिगने त्याला या लोकांपासून सावध केले. मी त्यांच्याशी जमवून घेईन, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. आणि त्याने ते जमवलेही. हाइड्रिख एकेकाळी आरमारात त्याच्या हाताखालचा कॅडेट होता, उत्तम व्हायोलिन वाजवायचा, आणि कानारिसच्या पत्नीबरोबर घरी संगीताच्या मैफली रंगायच्या. बर्लिनला आल्यावर दोन्ही कुटुंबे शेजारी राहू लागली. सकाळी टियरगार्टनमध्ये घोड्यावरून रपेट, संध्याकाळी शेजारधर्म, आणि १९३६च्या अखेरीस दोन्ही खात्यांच्या हद्दी ठरवणारा दहा कलमी करार. त्याला खात्यातले लोक थट्टेने ‘दहा आज्ञा’ म्हणत. लष्करी हेरगिरी आबवेरकडे, राजकीय पोलिसी एसएसकडे. त्याच वर्षी स्पेनमध्ये फ्रँकोला मदत पोहोचवण्याच्या कामी त्याच्या जुन्या ओळखी आणि अस्खलित स्पॅनिश उपयोगी पडले. बर्लिनमधल्या टिर्पिट्झउफर रस्त्यावरच्या आबवेरच्या कचेरीत दोन डाख्सहुंड कुत्र्यांसह वावरणारा हा बुटका, पांढऱ्या केसांचा, हळू आवाजात बोलणारा अधिकारी राजवटीला हवाहवासा वाटू लागला. पत जमा होत होती. हे मुद्दाम सांगायचे, कारण पुढे त्याने ज्यांना वाचवले ते याच पतीवर वाचले. आणि ही पत राजवटीची सेवा केल्याशिवाय मिळणारी नव्हती.

आता तीन प्रसंग पाहू. तिन्हींची माहिती मुख्यतः एका माणसामुळे टिकली: एर्विन लाहाउझेन, मूळ ऑस्ट्रियन हेरखात्यातला, कानारिसच्या घातपात विभागाचा प्रमुख, जो न्यूरेंबर्गमध्ये ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सरकार पक्षाचा पहिला साक्षीदार म्हणून उभा राहिला. पहिला प्रसंग ऑगस्ट १९३९चा. हिमलरसाठी पोलिश सैन्याचे गणवेश पुरवा, असा आदेश आबवेरकडे आला. कशासाठी, ते सांगितले नव्हते. पण अंदाज न बांधता यावा इतके भोळे त्या कचेरीत कोणी नव्हते. १७ ऑगस्टला कानारिसने सशस्त्र दलांच्या मुख्यालयाचा प्रमुख कायटेल याला विचारले. कायटेल म्हणाला, असली कामे मलाही पसंत नाहीत, पण आदेश फ्युररचा आहे, इलाज नाही. कानारिसने हे संभाषण टिपून ठेवले आणि गणवेश गेले. ३१ ऑगस्टच्या रात्री ग्लायविट्झच्या रेडिओ केंद्रावर ‘पोलिश’ हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी युद्ध सुरू झाले. दुसरा प्रसंग १२ सप्टेंबरचा, सिलेशियातल्या इल्नाऊ इथे थांबलेल्या हिटलरच्या आगगाडीतला. पोलंडमधले सरदार, धर्मगुरू आणि सुशिक्षित वर्ग गोळ्या घालून संपवण्याची योजना आहे असे मला समजले आहे, जग याचा जाब एक दिवस सैन्याला विचारेल, असे कानारिसने कायटेलला तोंडावर सांगितले. कायटेलचे उत्तर: निर्णय झाला आहे, सैन्याला हे करायचे नसेल तर एसएस आणि गेस्टापो शेजारी राहून करतील, ते खपवून घ्यावे लागेल. कानारिसने खपवून घेतले. त्याच गाडीत युक्रेनी राष्ट्रवाद्यांना हाताशी धरून गॅलिशियात पोल आणि ज्यू यांच्याविरुद्ध उठाव पेटवण्याची गोष्टही निघाली होती, आणि असल्या कामाची यंत्रणा त्याच्याच खात्याची होती.

तिसरा प्रसंग सर्वांत बोलका. १९४१च्या उन्हाळ्यात, सोव्हिएत युनियनवर हल्ला झाल्यावर, युद्धकैद्यांमधले कम्युनिस्ट कमिसार आणि ज्यू निवडून गोळ्या घालण्याचे ठरले. जनरल राइनेकेच्या अध्यक्षतेखाली याविषयी बैठक झाली. कानारिस स्वतः गेला नाही, लाहाउझेनला पाठवले. लाहाउझेनने हरकत घेतली ती अशी: हे गोळीबार सैनिकांच्या डोळ्यांदेखत होतात, त्याने त्यांचे मनोबल खचते. गेस्टापोचा प्रमुख म्युलर याने एक सवलत दिली. गोळ्या यापुढे सैनिकांच्या नजरेआड, बाजूला नेऊन घातल्या जातील. या एका वाक्यात आतून विरोध करण्याचे सारे अर्थशास्त्र आले आहे. हरकत नोंदली गेली, तिला मानही दिला गेला, आणि कत्तल एका आडोशाला सरकली. पुढे १५ सप्टेंबर १९४१ रोजी कानारिसच्या सहीचे एक लेखी निवेदन कायटेलकडे गेले. ते मुख्यतः त्याच्या खात्यातला आंतरराष्ट्रीय कायद्याचा जाणकार हेल्मुट फॉन मोल्टके याच्या विचारांतून उतरले होते. जिनिव्हा करार रशियाशी लागू नसला तरी अठराव्या शतकापासून रूढ झालेले तत्त्व असे की युद्धकैद हा सूडही नाही आणि शिक्षाही नाही, कैद्याने पुन्हा लढू नये एवढ्यापुरती ती खबरदारी आहे, असा त्यातला युक्तिवाद. शिवाय निवड करणारी पोलिस पथके कोणत्या कसोटीवर माणसे वेगळी काढतात हे सैन्याला कळतच नाही, आणि यामुळे शत्रू अधिक चिवटपणे लढेल. कायटेलने समासात लिहिले की या शंका शूरवीरांच्या जुन्या युद्धकल्पनेतून आलेल्या आहेत, इथे एका विचारसरणीचा नाश करायचा आहे, म्हणून हे उपाय मला मान्य आहेत आणि मी त्यांच्या पाठीशी आहे. कानारिसने कागद फाइलला लावला. त्याची यंत्रणा कामाला लागलेलीच होती. त्याच वर्षी ७ डिसेंबरला ‘रात्र आणि धुके’ नावाचा हुकूम निघाला: व्याप्त देशांतल्या विरोधकांना गुपचूप जर्मनीत न्यायचे आणि नातेवाइकांना ते जिवंत आहेत की मेले हेही कळू द्यायचे नाही. या हुकुमाच्या अंमलबजावणीच्या सूचना १९४२च्या फेब्रुवारीत त्याच्याच खात्यातून गेल्या.

यावर पहिला आणि स्वाभाविक आक्षेप असा, की अजून काय करणार होता तो? हुकूमशहाच्या दरबारात ‘नाही’ म्हणणे म्हणजे मरण. हा आक्षेप कानारिसच्याच चरित्राने खोडून काढला आहे. १९४०च्या अखेरीस फ्रेंच सेनापती वेगाँ याला ठार मारण्याचे काम कायटेलने आबवेरवर सोपवले. कानारिसने ते केले नाही. एप्रिल १९४२मध्ये फ्रेंच जनरल जिरो क्योनिगस्टाइनच्या किल्ल्यातून दोराने उतरून पळाला, तेव्हा त्यालाही संपवण्याचा आदेश आला, ‘गुस्टाफ’ या सांकेतिक नावाने. महिने गेले. सप्टेंबरमध्ये कायटेलने फोन करून विचारले की गुस्टाफचे काय झाले. लाहाउझेन धावत पॅरिसला कानारिसकडे गेला. लाहाउझेनच्या साक्षीनुसार जेवणाच्या टेबलावर ॲडमिरलने तीन तारखा विचारून घेतल्या: जिरो केव्हा पळाला, प्रागमध्ये हाइड्रिखबरोबरची बैठक केव्हा झाली, आणि हाइड्रिख केव्हा मेला. तारखा जुळल्या. मग कायटेलला कळवण्यात आले की हे काम प्रागच्या बैठकीत हाइड्रिखकडे सोपवले होते, म्हणून आपल्याकडे काही माहिती नाही. हाइड्रिख जूनमध्येच मारेकऱ्यांच्या बाँबने मेला होता. त्याला विचारायला कोण जाणार? कानारिसने सुटकेचा निःश्वास टाकून ग्लास उचलला. इतक्या सफाईने तो ‘नाही’ म्हणू शकत होता, आणि त्याचा केसही वाकडा झाला नाही. म्हणजे नकाराची सोय होती. ती त्याने वापरली एका सहव्यवसायी सेनापतीसाठी, कारण अधिकाऱ्याने अधिकाऱ्याचा खून करू नये हे त्याच्या आरमारी संस्कारात पक्के बसले होते. लाखो रशियन शिपायांच्या वाट्याला निवेदन आले.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: त्याने माणसे वाचवली. ती खरोखर वाचवली आणि ती जिवंत माणसे होती, आकडे नव्हेत. १९३९च्या अखेरीस, अमेरिकेकडून विनंती आल्यावर, आबवेरच्या अधिकाऱ्यांनी लुबाविच पंथाचे धर्मगुरू श्नीरसोन यांना उद्ध्वस्त वॉर्सामधून शोधून काढले आणि सुखरूप बाहेर पोहोचवले. ही कामगिरी करणारा मेजर ब्लोख स्वतः अर्धा ज्यू होता आणि कानारिसच्या छत्राखालीच नोकरीत टिकला होता. १९४२मध्ये ‘सात क्रमांकाची मोहीम’ झाली. ज्यू माणसांना आबवेरचे हेर म्हणून दाखवून, वर परदेशी चलन देऊन, स्वित्झर्लंडमध्ये पाठवायचे. यादी सातवरून वाढत चौदा-पंधरावर गेली. पादरी डिट्रिख बोनहोफरला सैन्यभरतीतून सोडवून याच खात्यात नोकरी दिली होती. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हान्स ओस्टर. कानारिसचा हा उजवा हात १९३८पासून हिटलरला पदच्युत करण्याच्या कटाचा कणा होता. मे १९४०मध्ये पश्चिमेकडच्या हल्ल्याची तारीख त्याने डच दूतावासातल्या लष्करी प्रतिनिधीला सांगून टाकली. त्याच सुमारास व्हॅटिकनमार्गे बेल्जियमला गेलेला तसाच एक इशारा ग्योरिंगच्या टेलिफोन-तार चोरणाऱ्या कचेरीने पकडला आणि फितूर कोण याचा तपास सुरू झाला. संशयाचा बाण योझेफ म्युलर या आबवेरच्याच बव्हेरियन वकिलाकडे वळत होता, आणि तो बरोबर होता. कानारिसने काय करावे? तपासासाठी रोमला म्युलरलाच पाठवले. त्याच्याच खात्यातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने म्युलरविरुद्ध भक्कम अहवाल तयार केला, तोही कानारिसने दाबून टाकला. असल्या कारवाया करायला धैर्य लागते, आणि थोडी विनोदबुद्धीही. हे त्याच्या खात्यावर जमा करायलाच हवे. तरी हे सारे जमा केल्यावरही प्रमाण नजरेआड करता येत नाही. वाचलेल्यांची मोजणी डझनांत होते. त्याच्या कचेरीतून गेलेल्या आदेशांचे बळी कशात मोजायचे, हा प्रश्न उरतोच. वाचलेल्यांचा रस्ताही त्याच आदेशांच्या खात्यातून जात होता: पासपोर्ट, चलन, प्रवास परवाने, सगळे आबवेरच्या युद्धखर्चातून. म्हणूनच हा आसरा कोसळला तोही एका हिशेबातल्या गफलतीने. प्रागमधल्या एका चलन तस्करीच्या तपासातून धागा सात क्रमांकाच्या मोहिमेपर्यंत पोहोचला आणि ५ एप्रिल १९४३ रोजी ही मोहीम चालवणारा आबवेरचा हान्स फॉन डोनानी आणि बोनहोफर यांना अटक झाली. ओस्टर पदावरून गेला. कानारिस पदावर राहिला.

त्याचे भक्त आणखी एक दावा करतात: आबवेर इतकी कुचकामी ठरली ती कानारिसने मुद्दाम तिला तशी ठेवली म्हणून. ब्रिटनमध्ये पाठवलेले सगळे हेर एमआय-५ने पकडले किंवा फितवले. उत्तर आफ्रिकेतली १९४२ची उतराई आबवेरला कळली नाही. अमेरिकेत पाणबुड्यांतून उतरवलेल्या आठ घातपात्यांपैकी सहांना काही आठवड्यांत विजेच्या खुर्चीवर बसवले गेले. एवढे अपयश अपघाताने येते का? मला वाटते, येते. आणि हुकूमशाहीत ते फार सहज येते. माद्रिदच्या आबवेर ठाण्यातला कार्ल-एरिख क्यूलेनथाल हे त्याचे जवळून पाहण्यासारखे उदाहरण. त्याची आजी ज्यू होती. कानारिसच्या आशीर्वादाने त्याला ‘आर्य’ असल्याचे प्रमाणपत्र मिळाले आणि तो स्पेनमध्ये टिकला. त्याचा सर्वांत मौल्यवान हेर म्हणजे हुआन पुहोल, ज्याला ब्रिटिश ‘गार्बो’ म्हणत. पुहोल लंडनमध्ये बसून ब्रिटिशांच्या सांगण्यावरून सत्तावीस काल्पनिक उपहेरांच्या नावाने बातम्या पाठवत होता. क्यूलेनथालने त्याच्यावर कधी शंका घेतली नाही. कसा घेईल? गार्बो खोटा ठरला असता तर माद्रिदचे ठाणे बुडाले असते, आणि त्याला बर्लिनला परत जावे लागले असते. तिथे आजीची फाइल त्याची वाट पाहत होती. कानारिसने ज्या माणसाला दयेपोटी आसरा दिला, त्याची भीतीच त्या माणसाला आंधळे करत होती. शंका घेण्याची किंमत खात्यात सर्वांना परवडेनाशी झाली की खोट्या बातमीला पहारेकरी उरत नाही. यासाठी कोणा ॲडमिरलने आतून सुरुंग लावावा लागत नाही.

भारतीय वाचकाला याचे एक उदाहरण जवळचे वाटेल. सुभाषचंद्र बोस यांना जानेवारी १९४१मध्ये पेशावरहून काबूलला घेऊन जाणारा ‘रहमत खान’ म्हणजे भगतराम तलवार. बोस इटालियन पासपोर्टवर ओर्लांडो माझोट्टा या नावाने एप्रिलमध्ये बर्लिनला पोहोचले. तलवार मागे राहून काबूलमधल्या जर्मनांचा विश्वासू दुवा बनला. आबवेरने तिथे माणसे ठेवली, पैसा ओतला, वायव्य सरहद्दीवर इपीच्या फकिराला चेतवण्याच्या योजना आखल्या. जूनमध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि तलवारने, तो मूळचा डाव्या विचारांचा, सारे सोव्हिएत हेरांना सांगून टाकले. त्यांनी पुढच्या वर्षी त्याला ब्रिटिशांबरोबर वाटून घेतले. पुढची वर्षे जर्मनांना हिंदुस्थानातून ज्या बातम्या मिळाल्या त्या दिल्लीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हातून गेलेल्या होत्या. बर्लिनमध्ये बसून हिंदुस्थानातल्या उठावाची स्वप्ने रंगवणाऱ्या खात्याला त्या पटल्या, कारण त्या त्यांना हव्या होत्या तशाच होत्या. यात कानारिसचे कपट शोधण्याची गरज नाही. वरिष्ठांना आवडेल ते पुढे पाठवणे, ही सवय खालपर्यंत मुरलेल्या खात्याचे हे नित्याचे फळ आहे.

राहिला तो आक्षेप, जो अशा प्रत्येक चरित्रात शेवटी पुढे येतोच: तो नसता तर त्याच्या जागी अधिक वाईट माणूस आला असता. यातले सत्य नाकारू नये. फेब्रुवारी १९४४मध्ये, इस्तंबूलच्या ठाण्यातला एरिख फेर्मेरेन ब्रिटिशांकडे गेल्यावर, हिटलरने कानारिसला हाकलले आणि आबवेर हिमलरच्या सुरक्षा मुख्यालयात विलीन केली. तिथे डोनानी-बोनहोफर यांच्यासारख्यांना सावली मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पण या युक्तिवादाला मोजायचे असेल तर दुसरे पारडेही पाहावे. ज्या पात्सिगने एसएसशी जमवून घ्यायला नकार दिला, त्याचे काय झाले? त्याला ‘ॲडमिरल ग्राफ स्पे’ या नव्या युद्धनौकेचा पहिला कप्तान केले आणि पुढे तोही ॲडमिरल झाला. लष्कराच्या जनरल स्टाफचा प्रमुख लुडविग बेक याने युद्धाला विरोध म्हणून ऑगस्ट १९३८मध्ये राजीनामा दिला. तो सहा वर्षे बर्लिनमध्ये घरी राहिला, आणि जुलै १९४४च्या हिटलरविरोधी कटात उतरला तेव्हाच मेला. निदान १९३८-३९पर्यंत पद सोडण्याची किंमत फक्त पद होती. ‘माझ्या जागी वाईट माणूस येईल’ हे वाक्य प्रत्येक कर्तबगार माणूस स्वतःशी म्हणतो, म्हणूनच अशा राजवटीला कर्तबगार माणसांचा तुटवडा कधी पडत नाही. गणवेश पुरवणारा कार्यक्षम असतो, नोंदी नीट असतात, करार पाळले जातात. कानारिसच्या जागी एखादा उद्दाम मूर्ख असता तर काही माणसे वाचली नसती हे खरे. आबवेरची गाडीही इतकी सुरळीत चालली नसती, हेही तितकेच खरे. यांपैकी कोणते पारडे जड, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. चरित्रकार मात्र पहिलेच पारडे तोलतात.

त्याच्या मरणाने सारे धुऊन निघते का? २० जुलै १९४४च्या बाँबस्फोटाशी त्याचा थेट संबंध नव्हता. तरी तीन दिवसांनी, २३ तारखेला, एसएसच्या हेरखात्यातल्या शेलेनबर्गने त्याला श्लाख्टेनझे इथल्या घरून उचलले. हाच शेलेनबर्ग एकेकाळी त्याच्याबरोबर टियरगार्टनमध्ये घोड्यावरून फिरत असे. महिनोन्‌महिने त्याने चौकशी अधिकाऱ्यांना शब्दांच्या जाळ्यात फिरवत ठेवले. एप्रिल १९४५च्या सुरुवातीला त्सोसेनच्या लष्करी तळावर त्याच्या डायऱ्या सापडल्या. हिटलरने आज्ञा दिली. फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत ८ एप्रिलला एसएसचा न्यायाधीश ओटो टोरबेक याने आरोपीला वकील न देता खटला चालवला, वाल्टर हुप्पनकोटेनने सरकार पक्ष मांडला, आणि ९ तारखेला पहाटे कानारिस, ओस्टर, बोनहोफर आणि आणखी दोघांना फासावर लटकवले. चौदा दिवसांनी अमेरिकन सैन्य तिथे पोहोचले. १९५६मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने या ‘न्यायनिवाड्या’चा विचार केला. त्याने असे मानले की त्या राज्यालाही स्वतःचे रक्षण करण्याचा अधिकार होता, त्याचे कायदे तेव्हा लागू होते, आणि आरोपींनी त्या कायद्यांनुसार देशद्रोह केलाच होता. टोरबेक निर्दोष सुटला. हुप्पनकोटेनला सहा वर्षांची शिक्षा झाली, ती शिक्षेला वरिष्ठांची मंजुरी घेतली नव्हती एवढ्या त्रुटीपायी. हा निकाल लाजिरवाणा होता यात वाद नाही. बर्लिनच्या न्यायालयाने १९९६मध्ये त्या शिक्षा अवैध असल्याचे म्हटले. तरीही बळी म्हणून मेल्याने अधिकारी म्हणून केलेल्या कामाची उजळणी थांबत नाही. ९ एप्रिलच्या पहाटे मेलेला माणूस आणि गणवेश पाठवणारा माणूस एकच आहे, आणि ओस्टर किंवा मोल्टके यांच्या पंक्तीत त्याला बसवताना हे आठवावेच लागते. ओस्टरने उंबरठा ओलांडला. कानारिसने तो ओलांडणाऱ्यांसाठी दार किलकिले ठेवले आणि स्वतः आत बसून राहिला.

त्याच्या डायऱ्या नंतर नष्ट झाल्या, म्हणूनच दंतकथांना इतके मोकळे रान मिळाले. पण १५ सप्टेंबर १९४१चा तो कागद, समासातल्या कायटेलच्या शेऱ्यासह, शिल्लक राहिला आणि न्यूरेंबर्गला पुराव्यात आला. सोव्हिएत अभियोक्ता रुडेंको याने तो कायटेलसमोर धरला तेव्हा शेरा आपलाच असल्याचे त्याला कबूल करावे लागले. १६ ऑक्टोबर १९४६ रोजी कायटेलला फाशी झाली. मग कानारिसचे निवेदन वाया गेले नाही, असे कोणी म्हणेल, आणि न्यायालयापुरते ते बरोबर आहे. कानारिस भावी न्यायालयासाठी लिहीत होता अशी शंका येण्याइतका तो कागद नेटका आहे. मात्र तो ज्या कैद्यांविषयी होता त्यांच्या बाजूने तारखा मोजल्या तर वेगळे चित्र दिसते. जर्मनांच्या हाती पडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी ३० लाखांहून अधिक मेले, आणि त्यांतले जवळपास २० लाख फेब्रुवारी १९४२च्या आत, म्हणजे हा कागद टिर्पिट्झउफरच्या फाइलमध्ये गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत संपले होते. त्या हिवाळ्यात आबवेरचा प्रमुख कचेरीत नेमाने येत होता.